तेवीस ठिपके

वाचनालयाच्या चिटणीसबाईंनी वार्षिक अहवालाची छापील पानं टायपिंगच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवली आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. मध्यावर असायचं ते शीर्षक डावीकडे घरंगळलं होतं. पुढच्या पानांवर ओळी मधेच तुटून खाली लोंबत होत्या. अध्यक्षांच्या सहीची जागा तर एकटीच शेवटच्या कोऱ्या पानावर जाऊन बसली होती. आणि चार वाजता सभा होती.

इथून नेलेली फाइल वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि हे असं निघालं, बाई म्हणाल्या. चूक कुणाची हे ठरवायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. टायपिंगच्या त्या दुकानात माणसं दोनच, सून आणि सासरे. अहवाल सासऱ्यांनी टाइप केला होता.

"यापुढे आमचं काम तूच करत जा," त्या सुनेला म्हणाल्या. "यांच्या हातचं नको."

सासरे दोन हातांच्या अंतरावर खुर्चीत बसले होते. ऐकू न आल्याचं सोंग त्यांना कधी जमलं नाही. त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला आणि मशीन बंद करायला हात पुढे केला. आज ते उठले तर पुन्हा त्या खुर्चीत बसायचे नाहीत, हे सुनेला पक्कं माहीत होतं.

"बाबा, बंद करू नका," ती म्हणाली. "तुमच्याच मशीनवर दाखवायचंय."

तिनं फाइल उघडली. इथे सगळं जागच्या जागी होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. बाईंच्या कपाळावरची आठी आणखी वाढली. सुनेनं सरळ सांगून टाकलं: बाबांचा फॉन्ट जुन्या टाइपरायटरसारखा, प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मोकळ्या जागेला सारखंच घर देणारा. वाचनालयाच्या मशीनवर तो नाहीच. तिथे दुसरा आला, त्याची अक्षरं रुंद, मोकळ्या जागा बारीक, मग सगळं विस्कटणारच. हे आधी बघणं माझं काम होतं, ते राहिलं.

मग तिनं एक बटण दाबलं. पडद्यावर शब्दाशब्दांमध्ये ठिपके उमटले, आणि शीर्षकाच्या डावीकडे त्यांची लांबच लांब रांग लागली. ह्या बाबांनी मारलेल्या मोकळ्या जागा, ती म्हणाली.

सासऱ्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तेवीस असतील," ते म्हणाले.

बाईंचा विश्वास बसला नाही. त्यांनी पेनाच्या टोकानं एकेक ठिपका मोजला. तेवीसच होते. ओळीत बहात्तर घरं, शीर्षकाची सव्वीस, उरली सेहेचाळीस, त्याची निम्मी. सासऱ्यांनी पाढा म्हटल्यासारखं सांगितलं. चाळीस पानांवरचं प्रत्येक शीर्षक त्यांनी असंच मनात मोजून बसवलं होतं. कोर्टात एकतीस वर्षं त्यांनी अशा जागा मारल्या, पण कुणाला त्या दिसल्या नव्हत्या. आज दिसल्या. त्यांना आनंद झाला, आणि तो लपवावा असं काही त्यांना वाटलं नाही.

सुनेनं पिवळी चिठ्ठी घेतली आणि तिची कड शीर्षकाच्या पहिल्या अक्षराला भिडवून पडद्यावर चिकटवली. मग तेवीसच्या तेवीस ठिपके पुसून टाकले. शीर्षक सरकत डाव्या कडेला जाऊन आपटलं. सासऱ्यांचा हात कीबोर्डकडे गेला.

"आता या मशीनला मोजू द्या," म्हणत तिनं ओळ मध्यावर आणायचं बटण दाबलं.

शीर्षक परत आलं आणि चिठ्ठीच्या कडेला टेकून थांबलं. मध्ये केसभरही फट नव्हती. आता फॉन्ट कुठलाही येऊ दे, हे मध्यावरच राहील, सून म्हणाली. बाकीची पानंही अशीच करायची, ओळी तोडायचं कामही मशीनवरच सोडायचं.

बाई वाकल्या. चिठ्ठी, अक्षर, पुन्हा चिठ्ठी असं जवळून पाहिलं. मग सुनेकडे न बघता त्यांनी सासऱ्यांना विचारलं, "किती वाजेपर्यंत मिळेल?"

दोनपर्यंत या, सासरे म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. बाई दाराबाहेर पडल्यावर त्यांनी ते बटण पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

"जमतंय की याला," ते सुनेला म्हणाले.