डावा बल्ब

श्रीकृष्णरावांनी तिन्ही बल्ब हातात घेऊन पाहिले आणि तिन्हींवर त्यांचा विश्वास बसला नाही.

"हा साधा," पिंटू म्हणाला. यवतमाळात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा हा माणूस त्यांच्या जुन्या ओळखीचा होता, म्हणूनच जास्त संशयाचा. "हा जास्त वॉटचा. उजेड दणकून पडते, पण गाडीची वायर जुनी आहे काका, तापन. आन हा पांढरा एलईडी. तुमच्या गाडीच्या काचेत त्याचा उजेड फाकते, समोरच्याच्या डोळ्यात जाते."

"मागच्या महिन्यात डावा बल्ब तूच बदलला. आठ दिवस नाही टिकला."

"लागून तं राह्यला होता, काका."

"तू पाहतो तवा लागते. मी गाडीत बसलो का बंद."

"साधाच टाका, पिंटूभाऊ."

श्रीकृष्णराव दचकले. आत्ता इथे कोणी नव्हतं आणि आत्ता डाव्या खांद्याशी त्यांचा मुलगा अनिकेत उभा. हा पोरगा हल्ली कुठून उगवायचा, कळत नसे.

श्रीकृष्णरावांची उभी नोकरी कोर्टात गेली होती. खोटं बोलणारा माणूस पायऱ्या चढतानाच आपल्याला ओळखू येतो, असं ते चारचौघांत सांगत. आणि गेले काही दिवस घरातलीच माणसं खोटं बोलत होती. मंजुषाबाई ताटात चटणी-कोशिंबीर वाढायच्याच नाहीत. विचारलं की ताट जरासं फिरवायच्या आणि म्हणायच्या, ही काय. म्हणजे मागाहून हळूच वाढायची आणि वर नवऱ्यालाच वेड्यात काढायचं. बरं, ते चटणीपुरतं होतं, सोडून देता येत होतं. मुलाचं सोडून देण्यासारखं नव्हतं.

गेल्या शुक्रवारी श्रीकृष्णराव कळंबला चिंतामणीचं दर्शन घेऊन दिवेलागणीला परतले होते. रस्ता नेहमीसारखाच वैतागाचा. तुराट्यांनी भरलेल्या बैलबंड्या निम्मा माल रस्त्यावर सांडत जातात. एका ठिकाणी गाडीच्या डाव्या अंगावर खडखडाट झाला, तेव्हा त्यांनी त्या न दिसलेल्या गाडीवानाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ते घरी पोचले न पोचले तोच अनिकेत गाडी घेऊन बाहेर पडला. आईच्या गोळ्या आणायला म्हणे. यायला चांगलाच उशीर केला. आणि ज्यानं जन्मात स्वतःची सायकल पुसली नव्हती, त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी उठून गाडी धुतली. तेव्हापासून किल्ली त्याच्याच खिशात होती.

रविवारच्या पेपरात एका कोपऱ्यात बातमी आली. कळंब रोडवर शुक्रवारी अज्ञात वाहनाची धडक. कापूस वेचून घरी निघालेली तुळसाबाई नावाची बाई रस्त्याच्या कडेला पडलेली सापडली. दवाखान्यात आहे, शुद्धीवर नाही.

श्रीकृष्णरावांनी पेपर घडी करून उशीखाली ठेवला होता. मंजुषाबाईंनाही दाखवला नाही.

पिंटूनं डाव्या दिव्याची चौकट सैल केली आणि पान्हा आणायला दुकानात गेला. श्रीकृष्णरावांनी वाकून फटीत बोट घातलं. बोटाला काहीतरी टोचलं. हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा.

मंजुषाबाई काचेच्या बांगड्या घालत नसत.

एकुलता एक मुलगा. बँकेत लागून वर्षही झालं नव्हतं. त्याची सायकल मागून धरून ते सगळ्या कॉलनीतून धावले होते. पण ती बाईसुद्धा कोणाची तरी कोणीतरी होतीच. दुसऱ्या कोणी याची गचांडी धरण्याआधी आपणच याला ठाण्यात न्यायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. तुकडा मुठीत दाबला.

"शुक्रवारी गाडी घेऊन कुठं गेलता?"

अनिकेतनं त्यांच्या मुठीकडे पाहिलं. "आईच्या गोळ्या आणाले."

"कळंब रोडनं?"

"नाही, बाबा."

"मंग एवढा उशीर काहून झाला?"

"घराजवळच्या दुकानात नव्हत्या. पार बसस्टँडपर्यंत जावं लागलं."

"आन गाडी काहून धुतली?"

अनिकेतनं नजर वळवली. कोर्टात अशा नजर चुकवण्याचा अर्थ श्रीकृष्णरावांनी पुष्कळ वेळा पाहिला होता.

"हे काम झालं का आपण दोघं ठाण्यात जाऊ," ते म्हणाले.

"जाऊ," अनिकेत म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तुम्ही म्हणाल तिथं येतो. पण आधी गाडीत बसून लाइट पाहून घ्या, बाबा. माझ्यासाठी."

वेळ काढतो आहे, श्रीकृष्णरावांच्या मनात आलं.

पिंटूनं दोन्हीकडे साधेच बल्ब बसवले. समोर कापसाच्या जिनिंग कारखान्याची चुन्यानं रंगवलेली लांबलचक भिंत होती आणि बाहेर अंधारून आलं होतं. श्रीकृष्णराव स्टिअरिंगवर बसले. बांगडीचा तुकडा मुठीत तसाच होता. दुसऱ्या हातानं त्यांनी दिव्याचं बटण फिरवलं.

भिंतीवर उजवीकडे उजेडाचा गोल पडला. स्वच्छ, पिवळा. त्यापलीकडे काही नाही.

"पाहा. मी कवाचा सांगून राह्यलो. डावा बंदच आहे."

पिंटू त्यांच्या खिडकीशी उभा होता. तो गाडीच्या पुढे बघत राहिला.

तेव्हा श्रीकृष्णरावांच्या ध्यानात आलं की अनिकेत कुठेच नाही. त्यांनी उजव्या आरशात पाहिलं, खिडकीतून मान काढून मागे पाहिलं. रस्ता मोकळा होता. ठाण्याचं नाव काढलं आणि पोरगा पळाला. म्हणजे सगळं खरंच होतं.

"पिंटू, अनिकेत कुठं पळाला?"

"पळाला नाही, काका," पिंटू हलकेच म्हणाला. "दोन्ही लाइट लागून आहेत. आन अनिकेतभाऊ तं तुमच्या समोरच उभा आहे, डाव्या लाइटात."