आईचा प्रवेश

आई गेल्यापासून चार महिन्यांत नऊ वर्षांची कल्याणी एकदाही रडली नव्हती. चार मुलांत मिसळेल म्हणून तिच्या बाबांनी, समाधानने, कोथरूडच्या एका कलाकेंद्रातल्या उन्हाळी नाट्यशिबिरात तिचं नाव घातलं. शिबिर घेणाऱ्या भाग्यश्रीताईंना त्याने सगळं सांगितलं, आणि त्यांनी तिला नाटकात जत्रेत हरवलेल्या मुलीचं काम दिलं. वाक्य एकच होतं, "आई, कुठे आहेस तू?"

दहाव्या दिवशी तालमीत ते वाक्य म्हणता म्हणता कल्याणी अडखळली. मग खाली बसली आणि "आई, आई" करत हमसून हमसून रडायला लागली. दाराशी थांबलेल्या समाधानचे डोळे भरून आले. मोकळी झाली पोर एकदाची, असं मनात म्हणत तो तिला जवळ घ्यायला आत धावला.

भाग्यश्रीताईंनी हात आडवा करून त्याला थांबवलं. "अहो, मध्ये येऊ नका ना प्लीज! काय सुंदर करतेय!"

मग त्यांनी कल्याणीच्या डोक्यावरून हात फिरवला. "शाब्बास! समारोपाला अगदी अस्संच हवंय. आता परत एकदा कर बाळा, व्हिडिओ घ्यायचा राहिला. आणि रडताना तोंड प्रेक्षकांकडे."

कल्याणीने बाहीने डोळे पुसले. बाबांकडे तिने पाहिलंच नाही.



"ताई, 'आई' किती वेळा म्हणायचं?"