बाल्देरास आजोबांचं जेवण

"त्यांना विचारा, जेवत का नाहीत?" फोनवरची बाई म्हणाली. "तीन दिवस झाले. आज संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर डॉक्टर नाकातून नळी घालणार आहेत."

एफ्राईनने हेडफोन नीट केला. एल पासोत घरी बसून तो टेक्ससभरच्या हॉस्पिटलांसाठी दुभाष्याचं काम करी. समोरचं कोणी दिसायचं नाही, नुसते आवाज. इंग्रजीचं स्पॅनिश करायचं, स्पॅनिशचं इंग्रजी. पदरचा एक शब्द घालायचा नाही. अकरा वर्षं त्याने हा नियम पाळला होता, जीभ कितीही वळवळली तरी.

बाईचा आवाज पार थकलेला होता. नर्सला लागोपाठ पाळ्या पडल्या असणार, असं त्याला वाटलं. त्याने तिचा प्रश्न आजोबांना विचारला.

"अरे वा! कोणीतरी माणसासारखं बोललं!" सान अँटोनियोतल्या खाटेवरून बाल्देरास आजोबा खुलले. "ही पोरगी बिचारी दिवसभर चमचा घेऊन खुणा करते. मी मान हलवतो. नुसता माकडाचा खेळ!"

एफ्राईनने माकडासकट सगळं सांगितलं. बाई हसली, मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"घास गिळताना दुखतं का?"

"नाही गं पोरी." म्हातारी माणसं सगळ्याच नर्सना पोरी म्हणतात. "रुसलोय मी, माझ्यावरच." मग आजोबांनी एफ्राईनलाच विचारलं. "तुला स्पॅनिश कोणी शिकवलं रे?"

"आईने." एफ्राईनच्या तोंडून निघून गेलं. नियम मोडला. मोडला तर मोडला. तेही त्याने बाईला सांगून टाकलं.

"शहाणी बाई! मला या भाषेपायी शाळेत हातावर पट्ट्या बसल्या. म्हटलं, आपल्या पोरांना नकोत. घरात स्पॅनिशचा एक शब्द येऊ दिला नाही. जन्मभर इंग्रजी बोललो, आणि मेंदूच्या या झटक्याने नेमकं इंग्रजीच पुसून नेलं बघ. आता कोणाशी बोलू? मुक्याने बसून काय जेवायचं? बोलायला माणूस मिळालं, की जेवेन."

एफ्राईनने शब्दन् शब्द सांगितला.

लाइन तुटली की काय, असं त्याला वाटलं.

"आहात ना, सिस्टर?"

"आहे." बाई म्हणाली. "आता मी बोलते ते त्यांना जसंच्या तसं सांगा. तुमच्यामुळे माझ्या हातावर कधी एक वळ उठला नाही, बाबा. आता घासाला काय म्हणतात, तेवढं तुमच्या लेकीला शिकवा."