तळाचं नाव

"त्या बाकावरचा शिट्टीवाला आज आला नाही?" छत्रीला मूठ बसवता बसवता वडिलांनी विचारलं.

मुलीनं शिवणयंत्र थांबवलं. "कोण शिट्टीवाला, बाबा? त्या बाकावर कधी कुणी बसतच नाही. तिथे खोकी असतात."

"खोकी तू परवा रचलीस."

त्यांचा चष्मा काढून तिनं नेहमीसारखा बाहीनं पुसला आणि परत त्यांच्या नाकावर चढवला. आई गेल्यापासून दोघंच एकमेकांना होती. त्यात आता बाबांचं डोकं असा दगा देऊ लागलं होतं.

छत्र्यांचा कारखाना तिच्या हाती आला, तेव्हा बाकीच्या कंपन्यांनी कामगिरी मोजायची यंत्रणा कधीच बसवली होती. आकडे दाखवल्याशिवाय मोठी गिऱ्हाइकं दारात उभं करत नव्हती. वडील मात्र अडून बसले. त्यांचं न ऐकता तिनं भिंतीवर आकड्यांचा पडदा लावला. कुणाचा हात किती चालतो ते त्यावर दिसे. कापड शिवणारी ती स्वतःही त्यातून सुटली नव्हती. शनिवारची घंटा झाली की तळाचं नाव लाल होई. कुणाला काढायचं नाही, नुसतं समजवायचं, असं तिनं ठरवलं होतं. गंमत म्हणजे समजवायची वेळ एकदाही आली नाही. सोमवारी बघावं तर पडदा हिरवागार, लाल नाव एकही नाही.

"माझ्या वडिलांनीही असाच फळा लावला होता," वडील म्हणाले. "तेव्हा माझा धाकटा भाऊ..."

"बाबा, तुम्ही एकुलते एक आहात!" तिचा आवाज चढला आणि मग तिला रडूच फुटलं.

तिचा तो आठवडा बाबांचे कागद घेऊन डॉक्टरांकडे खेटे घालण्यात गेला. शनिवारी दुपारी पडद्याच्या तळाशी तिचंच नाव होतं.

"घ्या, मालकीणबाईच कामचुकार!" मुकादमानं चिडवलं. सगळे हसले.

वडील हसले नाहीत. त्यांनी आठवडाभर बसवलेल्या मुठी एकेक करून उपटायला घेतल्या. पडद्यावर त्यांचा आकडा घसरू लागला.

"बाबा, काय चालवलंय हे!"

"तुझं नाव वर गेलं का, तेवढं बघ." घंटा झाली. "आणि वेळेवर जेवत जा गं."

सोमवारी पडदा हिरवागार होता. मुकादम हातात चष्मा घेऊन आला. "मुठीच्या बाकावर पडला होता. कुणाचा हो?"

तिनं तो घेतला, बाहीनं पुसला, आणि पुसता पुसता उगाच थांबली.

"असेल कुणाचा तरी," ती म्हणाली. "खोकी रचा त्या बाकावर. तिथे कधी कुणी बसतच नाही."