विमानातली आक्का

"पाणी विकत?" विमानात ट्रॉली घेऊन आलेल्या पोरीला मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं. "आमच्या बसमध्ये बाटली फुकट देतो आम्ही!"

वाटलं, लोक कंपनीच्या नावानं खडे फोडतील. पण कुणी मानसुद्धा वर केली नाही. ज्यानं त्यानं घरूनच पाणी आणलं होतं.

कोल्हापूर-मुंबई आमच्या स्लीपर बस धावतात. आता त्याच भावात हे विमान उडायला लागलंय. थोरला म्हणाला, "आई, गाड्या विकून टाकू." मी म्हटलं, "आधी त्यांचं दुखणं कुठं आहे ते बघून येते, मग तोंड उघड."

बघितलं. आधीच्या लोकांच्या सीटा गार व्हायच्या आत आम्हाला आत घेतलं होतं. पाणी विकणारी पोरगीच आता केराची पिशवी फिरवत होती. गाडी उभी ठेवायची नाही, एका माणसाकडून दोन कामं घ्यायची. असंच करून मी तिघा बसवाल्यांना घरी बसवलं होतं.

"आक्का, तुम्ही?" शेजारच्या रांगेतून निल्ले मास्तर वाकले. आमच्या बसचं कायमचं गिऱ्हाईक.

"का मास्तर, आमच्या बसला काटे होते?"

"तुमच्या तोंडाकडं बघून इतके दिवस बसनंच जायचो, आक्का. आज चोरासारखा चढलो." ते मोकळं हसले. "आता तुम्हीच यात बसलात! पेठेत सगळ्यांना सांगतो, खुशाल विमानानं जावा."

माझा घसा कोरडा पडला. मी त्या पोरीला हाक मारली आणि पाण्याचे पैसे काढले.