लांब पाठीची गाडी

या, टाळ बाजूला ठेवा अन् जरा जवळ सरकून बसा. बुवांना यायला अवकाश आहे, तोवर तुम्हाला एका गाडीची गोष्ट सांगतो. ऐकून उठावंसं वाटणार नाही, एवढं माझ्याकडं लागलं.

सत्त्याण्णव साल. बदनापूरला स्टेशनच्या रस्त्यावर भुजंग जुन्या गाड्या विकायचा. सकाळपासून बद्रीनाथ तिथल्या एका पांढऱ्या, लांब पाठीच्या गाडीभोवती फिरत होता. त्याची बायको पुष्पा हळदी-कुंकवाचं ताट धरून कडुलिंबाच्या सावलीत उभी होती.

"हिला इस्टेट म्हणतात, भाऊ," भुजंग म्हणाला. "पुढून मोटार, मागून टेम्पो. लेकरं बसवा, पोती टाका. अन् खर्च जीपच्या निम्मा."

"अन् ही जाळी?"

मधल्या शिटामागं छतापर्यंत लोखंडी जाळी वेल्डिंग करून बसवली होती.

"आधीचा मालक दूधवाला. कॅन पुढं घरंगळू नयेत म्हणून लावल्ती त्यानं. काढून देतो की."

"राहू दे." बद्रीनाथने जाळी धरून हलवली. बिलकुल हलली नाही. "पुढं ड्रायव्हर अन् मी, मधी पाहुणे, मागं बाया. माणसांच्या बोलण्यात यांची चुळबुळ नको."

पुष्पाला कुठंही बसायला चाललं असतं, पण गाडी आज घ्यायला हवी होती. हसनाबादला, तिच्या माहेरी, आज सप्त्याची सांगता. दुपारी काल्याचं कीर्तन तिच्या वडिलांचं, रखमाजीबुवांचं. घसा साथ देत नाही, हे शेवटचंच, पोरीला धाडा, असा बुवांचा दोनदा निरोप आल्ता. पुष्पा त्यांचं एकुलतं एक लेकरू. कीर्तनात टाळ धरायला तीच, शेतात हाताखालीही तीच.

पण पुष्पाच्या चुलतभावाच्या लग्नात मानाचा फेटा आधी चुलत्याच्या, वयानं धाकट्या जावयाच्या डोक्याला बांधला गेला, अन् बद्रीनाथचं बिनसलं. "आता त्या गावात पाय ठेवीन तर स्वतःच्या गाडीतून. तोवर तूबी न्हाई." त्याला चार वर्षं झाली होती. गाड्या बघून मात्र बऱ्याच झाल्या होत्या.

"चल, मागं बसून दाखव," तो म्हणाला.

पुष्पा आत चढली. धाडकन दार लागलं. पत्रा तापलेला. आंबूस दुधाचा वास. जाळीतून पुढचं स्टिअरिंग लांब दिसत होतं. तिनं दाराला कडी चाचपली. नुसता गुळगुळीत पत्रा लागला. बाहेर दोघं टायरांवर बोलत होते. तिनं काच वाजवली. बद्रीनाथने वळून पाहिलं अन् पुन्हा टायरांकडं बघितलं.

दार उघडलं तेव्हा तिचा पदर घामानं भिजला होता.

"आतून उघडत न्हाई का हो हे?"

"न्हाई वहिनी. बाहेरूनच."

"बराबर हाये," बद्रीनाथ हसला. "चालत्या गाडीतून कुणी पडायला नको."

मग भुजंगने त्यांना बसवून रस्त्यावर एक चक्कर मारून आणली. पुष्पा वाकून त्याच्या पायांकडं बघत होती.

"काय बघून राह्यली गं? पेडल मोजती का?"

"न्हाई. भुजंगभाऊंची चप्पल लय झिजलीय."

बद्रीनाथच्या घराण्याची एक रीत होती. वाहनाची किल्ली आधी सवाष्णीच्या पदरात पडायची, मग मालकाच्या हातात. भुजंगला ती ठाऊक होती. पुष्पाने गाडीला ओवाळलं, तसं त्याने पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली अन् किल्ली तिच्या पदरात टाकली. सौदा जमलाच म्हणून चहा-पेढे आणायला तो हॉटेलाकडं गेला.

तो दिसेनासा झाल्यावर बद्रीनाथ हळूच म्हणाला, "आज नको. अजून खाली येईल हा. उन्हाळ्यात बघू."

"मंग हसनाबाद?"

"कीर्तनं काय, दर साली असतात. आण ती किल्ली."

पुष्पाने किल्ली बांधलेली पदराची गाठ घट्ट धरली. म्हणाली, "देते की. पण आत्याबाई विचारतील, माझं अंथरूण मावतं का म्हणून. गुडघे वाकत न्हाईत त्यांचे, दवाखान्याला आडवंच न्यावं लागतं. बघितलंच न्हाई म्हणलं तर तुमची काय गत करतील?"

सगुणाबाई, त्याची आई. जगात बद्रीनाथ भ्यायचा तो एवढ्याच माणसाला.

"तू झोपून बघ मंग."

"मी बुटकी. तुम्ही आईच्या अंगाचे."

हे खरंच होतं. त्याने वहाणा काढल्या, मागून आत चढला अन् ऐसपैस आडवा झाला. छातीवर हात बांधले. जागा पसंत पडली असावी, डोळेही मिटले.

"मावतंय बरं का! उशालाबी जागा उरतीय."

"पाय जरा आत घ्या," पुष्पा म्हणाली.

त्याने पाय आत घेतले.

चहाचे कप घेऊन भुजंग परत आला, तेव्हा झाडाखाली हळदी-कुंकवाचं ताट होतं. ताटाशेजारी बद्रीनाथच्या वहाणा. गाडीच्या जागी दोन लिंबं, चिरडलेली.

आज बुवा कीर्तनाला उभे राहिले की, बापहो, हसनाबादच्या रखमाजीबुवांची आठवण ठेवा. ट्रॅक्टर शिकवायला त्यांना मुलगा नव्हता.