दारावरची फळी

“हे चित्र कधीचं?” वेढा घालून बसलेल्या चिनी सरदाराने विचारलं.

म्हाताऱ्या दुभाष्याने, क्वेने, तेच तगुतेलला तिच्या बोलीत सांगितलं. वर स्वतःचं जोडलं, “नीट बघून बोल, पोरी. याला दुसऱ्यांदा विचारायची सवय नाही.”

तगुतेलने पाठीवरच्या लेकीची, ग्रित्येची झोळी आवळली. चित्रातली रेघ तिने केव्हाच ओळखली होती. वाउटरची, तिच्या डच नवऱ्याची. डचांच्या किल्ल्याला वेढा पडला तेव्हा ती सिंकान गावी आईकडे होती आणि नवरा किल्ल्यात. तेव्हापासून भेट नाही.

कागद किल्ल्यातून पळालेल्या शिपायाजवळ सापडला होता. शिपाई खाडीत बुडाला, विचारायचं कुणाला? चित्रात डचांची सारी वस्ती होती. वखार, विहीर, घरांची ओळ, आणि कोपऱ्यातल्या बुरुजाला वरपासून खालपर्यंत गेलेली चीर.

“जुनं असेल तर चीर बुजवली असेल,” सरदार म्हणाला. “ताजं असेल तर उद्या साऱ्या तोफा तिथेच.”

बुरुजाला लागूनच तिचं आणि वाउटरचं घर होतं. ती घर शोधू लागली आणि तिची नजर दारावर थांबली. दारावर नाजूक विणलेली जाळी लावलेली एक छोटी फळी होती.

“जुनं आहे,” ती म्हणाली. “ही फळी बघा. मूल झालं की बाप आपल्या दाराला लावतो. माझ्या नवऱ्याच्या गावची रीत आहे, इथे दुसरं कुणी करत नाही. ही पोर झाली तेव्हाची.”

सरदार ग्रित्येकडे बघत राहिला. दात आलेली, केस मानेवर रुळणारी पोर आईच्या खांद्याआड लपली.

“दार किती निगुतीने काढलंय,” क्वे म्हणाला. “खूश होता गडी. मला पाचवी मुलगी झाली तेव्हा बायकोने दारच उघडलं नाही.”

सरदाराने कागद बाजूला टाकला.

तंबूबाहेर येताच क्वे हळूच म्हणाला, “सुटलीस. नवऱ्याची काळजी ना? आता त्या बाजूला कुणी दगडही मारणार नाही.”

वाळूच्या पट्ट्यापलीकडे किल्ला दिसत होता. ग्रित्ये रडू लागली, तरी तगुतेल तशीच उभी होती.

मग ती वळली आणि तंबूत शिरली. क्वे धावत मागे आला.

“काका, जसंच्या तसं सांगा त्यांना,” ती म्हणाली. “ही पोर सिंकानला जन्मली, माझ्या आईच्या घरी. मी त्या घरात होते तोवर दाराला फळी कधी लागलीच नाही. ही मी गेल्यावर लागली, दुसरीच्या बाळासाठी; चित्र ताजं आहे. तोफा तिथेच लावा.”